आधी वय सांगा, मग बोलू

मागच्या एका लेखाच्या शेवटी 'हनोईत राहते, काही विचारायचं असेल तर जरूर विचारा' असं सहज लिहून गेले आणि संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवून दिला. परवा रात्री जिन्याच्या पायरीवर बसून तो चाळत होते. खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण आजी राहतात. वय ८४, प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन जमाना झाला तरी आवाजात खडू अजून शाबूत आहे. त्यांनी विचारलं, एवढं काय वाचतेस? म्हटलं, माझ्या भाषेतल्या लोकांची पत्रं आहेत, उत्तरं द्यायचीत.

"वयं काय त्यांची?"

म्हटलं, कुणी लिहिलेलं नाही.

"मग त्यांना हाक काय मारणार तू?"

तर मंडळी, पुढच्या वेळी पत्रात वय लिहा. आजींपुढे माझी पंचाईत होते. या वेळी अंदाजानेच भागवते आहे. माझं वय ३८, २०१४ च्या हिवाळ्यापासून मुक्काम न्गोक हा भागातल्या एका बोळात, पोटापुरतं इंग्रजी शिकवते.

प्रश्न : व्हिएतनामी सहकाऱ्यांबरोबर ऑनलाइन मीटिंग होती. नाव सांगून होतंय न होतंय तोच त्यांनी माझं वय विचारलं, मग लग्न झालंय का ते. मला फार खटकलं. हे नेहमीचं आहे का?

अगदी नेहमीचं. वयाच्या प्रश्नात चौकशी कमी आणि व्याकरण जास्त आहे. 'मी' ला त्यांच्याकडे 'तोइ' हा शब्द आहे, पण तो अर्जात, भाषणात आणि भांडणात. रोजच्या बोलण्यात आधी नातं लागतं आणि मग वाक्य सुरू होतं. समोरचा पुरुष माझ्याहून थोडा मोठा असेल तर तो 'आन', म्हणजे दादा, आणि मी 'एम', त्याचं धाकटं भावंड. बाई असेल तर 'ची', ताई. वडिलांहून लहान पुरुष 'चू', बाई 'को'. वडिलांहून मोठं कुणीही, पुरुष असो की बाई, 'बाक'. त्याच्याही पुढे 'ओंग' आणि 'बा', आजोबा-आजी, आणि त्यांच्यासमोर मी 'चाउ', नात. थोडक्यात, मला तहान लागलीय एवढं सांगायलासुद्धा मी तुमची कोण लागते ते आधी ठरवावं लागतं. तुमच्या सहकाऱ्यांना कर्ताच सापडत नव्हता हो, बोलणार कसं?

आपण नात्यात बाजू बघतो. आत्या ती आत्या, मावशी ती मावशी, थोरली असो की धाकटी. हनोईत बाजू बघतात ती आईवडिलांच्या धाकट्या भावंडांपुरती. थोरली सगळी, आईकडची काय नि वडिलांकडची काय, सरसकट 'बाक'. वय आधी, घराणं नंतर. दक्षिणेत सायगावकडे हा हिशेब वेगळा आहे, तिथे मावशी थोरली असली तरी मावशीच राहते.

आता नवरा-बायको. तेही एकमेकांना 'आन' आणि 'एम' म्हणतात, म्हणजे शब्दश: दादा आणि धाकटी. पहिल्यांदा अर्थ लागला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पण कुठल्याही भाषेत फार खोदलं की असंच काहीतरी निघतं, 'अहो' कुणाला म्हणायचं हे तरी आपण कुठे कुणाला पटवून देऊ शकतो. गंमत पुढे आहे. नवरा-बायकोचं बिनसलं की दोघंही 'तोइ' वर येतात. आमच्या बोळात भिंती पातळ आहेत. पलीकडून एवढा एक शब्द ऐकू आला तरी आजी टीव्हीचा आवाज कमी करतात.

माझी फजिती सांगते. पहिल्याच हिवाळ्यात बोळाच्या तोंडाशी बसणाऱ्या भाजीवालीला मी आदराने 'बा' म्हटलं. चेहरा उन्हाने रापलेला, कानटोपी, मला वाटलं साठीच्या पुढची असेल. ती होती ४८ वर्षांची. इथे भाजी घेतली की वर दोन काड्या कोथिंबीर आणि पातीचा कांदा फुकट मिळतो. तिने पिशवीत टाकलेल्या काड्या शांतपणे बाहेर काढल्या आणि परत टोपलीत ठेवल्या. एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर आजींनी नियम घालून दिला: शंका आली तर एक पायरी खाली उतर. ताई म्हणून चुकलेलं कुणाला लागत नाही.

लग्नाचा प्रश्न मात्र निव्वळ चौकशी, त्याला व्याकरणाचा आधार नाही. पण उत्तर 'नाही' असं देऊ नका. 'चुआ' म्हणायचं, म्हणजे 'अजून नाही'. प्रश्नच मुळी 'झालं की अजून व्हायचंय' असा असतो. ८० वर्षांच्या अविवाहित माणसानेही 'चुआ' च म्हणायचं असतं.

प्रश्न : मी निवृत्त इतिहास शिक्षक. व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांचा गनिमी कावा अभ्यासून, आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या समाधीवर 'शिवाजी महाराजांचा एक मावळा' असं कोरलेलं आहे, असा मजकूर मोबाइलवर सारखा येतो. आपण तिथे राहता. खरं काय?

सर, खरं नाही. या गठ्ठ्यात हाच प्रश्न चौघांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हो ची मिन्ह २ सप्टेंबर १९६९ रोजी गेले. युद्ध संपलं ३० एप्रिल १९७५ ला. त्यांना थडगं नाही. दहन करा असं त्यांनी लिहून ठेवलं होतं, तरीही त्यांचा देह बा दिन्ह चौकातल्या वास्तूत काचेच्या पेटीत जतन करून ठेवला आहे. वास्तूच्या माथ्यावर 'अध्यक्ष हो ची मिन्ह' एवढीच अक्षरं आहेत. माझ्या घरापासून ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. महाराष्ट्रातून येणारा प्रत्येक पाहुणा मला तिथे घेऊन जायला लावतो, रांगेत उभा राहतो आणि बाहेर आल्यावर हळूच विचारतो, 'ते मावळ्याचं कुठे लिहिलंय?'

महाराजांना या असल्या दाखल्याची गरज नाही, हे तुम्हीच वर्गात सांगितलं असेल. आणि व्हिएतनामी लोकांवरही त्यात अन्याय होतो. बलाढ्य शत्रूला कात्रीत पकडायची विद्या त्यांच्याकडे हजार वर्षांची आहे. बाक दांग नदीच्या मुखाशी ९३८ मध्ये न्गो क्वेन याने पात्रात अणकुचीदार खांब रोवून ठेवले. भरतीत ते दिसले नाहीत, ओहोटी लागली तशी चिनी जहाजं त्यांत अडकली. हीच युक्ती त्याच नदीवर १२८८ मध्ये चान हुंग दाओ याने मंगोलांवर चालवली. साडेतीनशे वर्षांनी, तीच नदी, तसेच खांब. शत्रूने इतिहास वाचला नाही की काय होतं, ते बघा.

पण तुम्हाला खरा आवडेल तो सम्राट क्वांग चुंग. १७८८ च्या अखेरीस चीनच्या चिंग राजवटीच्या फौजा थांग लाँगमध्ये, म्हणजे आजच्या हनोईत, तळ देऊन बसल्या होत्या. तेत, म्हणजे चांद्र नववर्ष, तोंडावर आलेलं. क्वांग चुंग दक्षिणेकडून निघाला, वाटेत सैन्याला म्हणाला, नववर्ष आत्ताच साजरं करून घ्या, सातव्या दिवशी राजधानीत पुन्हा करू. चिंग सेनापती सणाच्या खाण्यापिण्यात. ओल्या पेंढ्याने मढवलेल्या लाकडी ढाली पुढे धरून याची माणसं तटबंदीला भिडली आणि तेतच्या पाचव्या दिवशीच, सांगितल्या मुदतीच्या दोन दिवस आधी, तो शहरात शिरला. साल १७८९. शत्रूच्या सणासुदीचा मुहूर्त साधणं म्हटल्यावर तुम्हाला रमजानातला लाल महाल आठवला असेल, मलाही आठवला. फरक इतकाच की इथे तो सण दोन्ही बाजूंचा होता, एकाने तो लवकर उरकला. दोंग दा इथल्या टेकाडावर आजही दर तेतच्या पाचव्या दिवशी जत्रा भरते. कधी आलात तर समाधीच्या रांगेपेक्षा तिकडे जाऊ.

प्रश्न : अमेरिकनांचा राग अजून आहे का?

माझ्या खोलीपासून चार-पाच वळणांवर हू तिएप नावाचं एक छोटं तळं आहे. त्यात डिसेंबर १९७२ मध्ये पाडलेल्या बी-५२ विमानाचे अवशेष अजून तसेच पडलेत, पाण्यातून वर आलेलं गंजकं धूड. चारी बाजूंनी घरं, कपडे वाळत घातलेले, शेजारी शाळा. सकाळी काठावर भाजी आणि मासळी विकतात. मुलं त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

त्या डिसेंबरातले अमेरिकेचे बारा दिवस-रात्रींचे बाँबहल्ले आजींनी अनुभवलेत. शाळेतली मुलं खेड्यात हलवली होती, त्यांच्याबरोबर आजीही गेल्या. २६ डिसेंबरच्या रात्री खाम थिएन रस्ता उद्ध्वस्त झाला, तो आवाज आपण गावात ऐकल्याचं त्या सांगतात. त्याच आजींचा नातू आज अमेरिकेत शिकतोय आणि भिंतीवर त्याचा पदवीच्या टोपीतला फोटो आहे. रागाबद्दल मी एकदा थेट विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "चिनी हजार वर्षं होते, फ्रेंच ऐंशी, अमेरिकन वीस. कुणाकुणावर रागावू?" आणि भांडी घासायला लागल्या.

प्रश्न : युद्धानंतर तिथे आपल्या रेशनसारखी व्यवस्था होती म्हणे. ती कशी चालायची?

रेशनसारखी म्हणता येईल, पण आपल्याकडे रेशनच्या दुकानाबाहेर बाजार तरी होता. इथे बराच काळ बाहेरचं जवळपास काहीच कायदेशीर नव्हतं. त्या काळाला 'बाओ काप' म्हणतात, म्हणजे सरकारने सगळं पुरवायचं. उत्तरेत ते युद्ध संपायच्या आधीपासूनच होतं, १९७५ नंतर देशभर आलं आणि १९८६ पर्यंत चाललं.

आजींकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात सुया, बटणं, आजोबांचा चष्मा आणि न वापरलेली कुपनं. टपाल तिकिटाएवढे चिटोरे, कागद वरणाच्या पाण्याच्या रंगाचा, त्यावर वस्तू, वजन आणि महिना छापलेला. महिना उलटला की कुपन मेलं. कपड्याचं वेगळं, मांसाचं वेगळं, घासलेटचं वेगळं. तांदळाला मात्र वही, 'सो गाओ'. शिक्षिका म्हणून आजींना महिन्याला १३ किलो धान्य मिळायचं, त्यातही कधी रताळी, कधी मैदा, कधी जनावरांना घालतात तसलं भरड धान्य. वही हरवली तर महिनाभर उपास. आजही कुणी तोंड पाडून बसलं की इथे म्हणतात, 'तांदळाची वही हरवल्यासारखं तोंड करून बसलाय.' वीस वर्षांची पोरं म्हणतात, ज्यांनी वही पाहिलेली नाही.

रांग पहाटे तीनला लागायची. पण शाळा तर सातला. मग रांगेत वीट ठेवायची, वर खडूने नाव. वीट नसेल तर फाटकी चप्पल, फुटकी टोपली. आपल्याकडे विटेवर विठोबा उभा, इथे माणसाच्या जागी वीटच उभी. आजी शिक्षिका असल्यामुळे खडू त्यांच्याकडे, त्यामुळे अख्खी चाळ नावं लिहून घ्यायला त्यांच्या दारात. त्या मोबदल्यात त्यांच्या विटेवर लोक लक्ष ठेवायचे. कारण विटा सरकवणारेही होतेच.

दुकानांची उतरंड कशी होती, त्यावर हनोईकरांनी रचलेले चार चरण अजून लोकांच्या तोंडी आहेत. मराठीत साधारण असं होईल: तोन दानचं दुकान राजे-सरदारांचं, न्या थोचं मधल्या हुजऱ्यांचं, दोंग सुआन व्यापाऱ्यांचं, आणि फुटपाथ वीर जनतेचा. पहिली दोन खरोखरच वरच्या आणि मधल्या अधिकाऱ्यांसाठी राखीव दुकानं होती. 'वीर जनता' हा शब्द सरकारी भाषणांतला. तो उचलून फुटपाथवर बसवला, यातच सगळं आलं.

सरकारी उपाहारगृहात फो, म्हणजे रश्शातल्या शेवया, मिळायचा, पण मांसाशिवाय. नुसत्या शेवया आणि गरम पाणी. त्याला नाव पडलं 'वैमानिकाविना फो'. युद्धात अमेरिकेची बिनवैमानिकाची टेहळणी विमानं डोक्यावरून जायची, त्यावरून. आजी सांगतात की चमच्यांना मधोमध भोक पाडलेलं असे, कुणी घरी नेऊ नये म्हणून. त्यामुळे रस्सा तोंडापर्यंत न्यायचा तर घाई करावी लागे. हे सांगताना त्या चमचा तोंडाकडे झपकन नेऊन दाखवतात, दर वेळी.

आणि डुकरं. पगार पुरेना म्हणून लोकांनी सरकारी वसाहतींत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, न्हाणीघरात डुकरं पाळली. त्यावरचा विनोद: प्राध्यापक डुक्कर पाळतो, की डुक्कर प्राध्यापकाला पाळतं? आजींच्या शेजाऱ्यांचं डुक्कर ओरडायला लागलं की त्या वर्गाच्या वह्या तपासायच्या थांबत.

सप्टेंबर १९८५ मध्ये पैसे बदलले, १० जुन्या दोंगांना १ नवा दोंग. त्याने महागाई थांबायच्या ऐवजी उधळली आणि १९८६ मध्ये ७०० टक्क्यांच्या वर गेली. त्या डिसेंबरात कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनात 'दोई मोइ', म्हणजे नव्याने बदल, जाहीर झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत कुपनं गेली. डबा राहिला. शेवटच्या महिन्याची कुपनं आजींनी वापरलीच नाहीत. का, ते विचारलं तर म्हणतात, बाजारात माल समोर दिसत होता, रांगेत कोण उभं राहणार.

प्रश्न : फोटोत हनोईची घरं आगपेट्या उभ्या केल्यासारखी का दिसतात?

कारण ती तशीच आहेत. आमचं घर सव्वातीन मीटर रुंद आणि पाच मजले उंच आहे. मी चौथ्यावर. लिफ्ट नाही, त्यामुळे मी काही विसरत नाही.

मूळ आहे जुन्या शहरात. तिथल्या रस्त्यांची नावं 'हांग' ने सुरू होतात, हांग म्हणजे माल. हांग बाक चांदीचा, हांग थिएक पत्र्याचा, हांग दुओंग साखरेचा. प्रत्येकाला रस्त्यावर तोंड हवं, म्हणून समोर तीन मीटर दुकान आणि मागे पन्नास-साठ मीटरपर्यंत घर. कर दर्शनी रुंदीवर लागायचा म्हणूनही असं झालं, असं सांगतात. जुन्या घरांत मधे उघडा चौक असायचा, उजेड-वाऱ्याला. मा मे रस्त्यावरचं ८७ नंबरचं घर तसं जपून ठेवलंय, नक्की बघा. दोई मोइनंतर ज्याने त्याने आपल्या तुकड्यावर वर वर बांधत नेलं, चौक गेले, खिडक्यांना लोखंडी पिंजरे आले. त्या पिंजऱ्यांना लोक 'वाघाचा पिंजरा' म्हणतात. सप्टेंबर २०२३ मध्ये हनोईतल्या एका दाटीवाटीच्या इमारतीला आग लागून ५६ माणसं गेली. त्यानंतर आठवड्याभरात आमच्याही पिंजऱ्याला वेल्डरने एक दार कापलं. त्याची किल्ली आजींनी दोरीने तिथेच बांधून ठेवली आहे आणि दर महिन्याला मला ते उघडून दाखवायला लावतात.

प्रश्न : कम्युनिस्ट देशात देवधर्म, श्राद्धपक्ष वगैरे असतं का?

आमच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर पूर्वजांचा देव्हारा आहे आणि आजोबा हयातभर पक्षाचे सभासद होते. त्यांचाही फोटो आता त्याच देव्हाऱ्यात. कुणाला यात विसंगती वाटत नाही.

वर्षश्राद्धाला 'झो' म्हणतात आणि ते तिथीनेच करतात, चांद्र महिन्याच्या. सकाळपासून स्वयंपाक: अख्खी उकडलेली कोंबडी, लाल गाक फळाचा चिकट भात, शेवयांचं सार. ताट वर न्यायचं, उदबत्त्या लावायच्या आणि खाली येऊन थांबायचं. पूर्वजांचं जेवण झाल्याशिवाय आपण जेवायचं नाही. झालं हे कळणार कसं? उदबत्ती बरीचशी जळली की आजी बशीत दोन नाणी टाकतात. एक छापा, एक काटा पडला तर होकार. नाहीतर पुन्हा थांबा. कावळा शिवेपर्यंत ताटकळणारी आपली माणसं मला दर वेळी आठवतात. गेल्या वर्षी तीनदा नाणी उलटीच पडली. आजी चौथ्यांदा टाकायच्या आधी फोटोकडे बघून काहीतरी पुटपुटल्या. मी विचारलं, काय म्हणालात? "म्हटलं, पोरं भुकेली आहेत, हट्ट पुरे." चौथ्यांदा होकार आला.

मग कागदी वस्तू जाळायच्या. हांग मा रस्त्यावर त्या ढिगाने मिळतात: कागदी कपडे, घड्याळं, मोटारसायकली, फोन, पाताळलोकीच्या बँकेचे डॉलर. आजी कपडे आणि टोपी घेतात. फोन कधीच नाही. "हयात असताना कधी उचलला नाही, आता उचलणार आहेत?"

सातव्या महिन्यातली पौर्णिमा ही बेवारस आत्म्यांची, तेव्हा दाराबाहेर पातळ पेज आणि मीठ-तांदूळ ठेवतात. आणि तेतच्या आठवडाभर आधी, बाराव्या महिन्याच्या २३ ला, चुलीचे देव स्वर्गात वर्षाचा अहवाल द्यायला जातात, ते माशावर बसून. म्हणून त्या दिवशी लाँग बिएन पुलावर जिवंत मासे घेऊन ही गर्दी. मासे नदीत आणि पिशव्याही नदीत. म्हणून विद्यार्थी पाट्या घेऊन उभे असतात: मासा सोडा, पिशवी सोडू नका. जाता जाता, हा पूल १९०२ मध्ये पुरा झाला आणि देशभर वाहनं उजवीकडून जात असताना यावर ती डावीकडून जातात. मला तिथे स्कूटर चालवताना घरी आल्यासारखं वाटतं.

प्रश्न : आई-बाबांना घेऊन सहा दिवस येतेय, दोघं शाकाहारी. काय लक्षात ठेवू?

'तोइ आन चाय' हे तीन शब्द पाठ करा. चहा येणार नाही, 'चाय' म्हणजे शाकाहार. 'कोम चाय' ही पाटी दिसली की बिनधास्त आत जा. इतरत्र नुसती भाजी मागवलीत तरी तिच्यात माशाचं पाणी असतं, न्युअक माम, त्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मात्र पुष्कळ लोक स्वतःच चाय खातात, त्या दिवशी मिळायला सोपं.

रस्ता ओलांडताना धावू नका, थबकू नका, मागे तर मुळीच फिरू नका. एका चालीने जा. गाड्या तुम्हाला वळसा घालतात, पण तुम्ही कुठे असाल याचा अंदाज त्यांना लागायला हवा. १ जानेवारी २०२५ पासून सिग्नल तोडणाऱ्या दुचाकीला ४० ते ६० लाख दोंग दंड आहे, त्यामुळे लाल दिव्याला आता खरंच थांबतात.

२०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळ्या. मी फुटपाथवरच्या बर्फाच्या चहाला मोठी देऊन बसले होते. बाईने नोट माझ्या नाकासमोर फडकवून आख्ख्या बाकाला दाखवली, मग परत केली. कुणी 'पन्नास' म्हणालं तर ते ५०,००० समजा, हजार बोलत नाहीत.

अंड्याची कॉफी बाबांना चालणार नाही, पण तुम्ही प्या. १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलातल्या एका कामगाराने दुधाऐवजी पिवळं बलक फेसून घातलं, ती ही. वास येत नाही.

प्रश्न : मी भाषांचा विद्यार्थी. व्हिएतनामी मराठी माणसाला किती अवघड जाईल?

लिपी रोमन आहे, तिथे सुटलात. पोर्तुगीज आणि फ्रेंच धर्मप्रचारकांनी ती घडवली, तिचा पहिला शब्दकोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला. त्याआधीचं सगळं चिनी वळणाच्या अक्षरांत, आणि त्या अक्षरांतली शेवटची राजदरबारी परीक्षा झाली १९१९ मध्ये. आमच्या देव्हाऱ्यावर सोनेरी अक्षरांत काय लिहिलंय ते आजींनाही वाचता येत नाही. त्यांच्या आजोबांना यायचं.

एका ध्वनीत तुम्ही सगळ्या जगाच्या पुढे असाल. इथल्या अर्ध्या नसले तरी तिसरा हिस्सा लोकांचं आडनाव इंग्रजीतून आपण 'न्गुयेन' लिहितो, ते सुरू होतं 'ङ' ने. तक्त्यात आपण पाठ केलेला आणि मग 'वाङ्मय' पुरता उरलेला तोच 'ङ'. ङ्विएन. युरोपातले विद्यार्थी यावर महिना घालवतात, तुम्ही पहिल्या तासाला म्हणाल.

रडवतात ते सूर. उत्तरेत सहा. एकच 'मा' सुराप्रमाणे भूत, पण, थडगं, घोडा, भाताचं रोप होतं. आपल्याला सवय वाक्याला सूर लावायची, शब्दाला नाही. प्रश्न विचारताना आपण शेवटी आवाज वर नेतो आणि तिथेच शब्द बदलतो.

आजीला 'बा' म्हणतात, ते उतरत्या, शांत सुरात. रोज सकाळी जिना उतरताना 'चाउ चाओ बा' म्हणायचं, नात आजींना नमस्कार करते. मी पहिले तीन महिने उत्साहाने शेवटचा सूर मोडून वर न्यायचे. त्या सुरात त्याचा अर्थ उसाचा किंवा कॉफीचा चोथा. तीन महिने मी एका शिक्षिकेला रोज सकाळी 'नमस्कार, चोथा' म्हणत होते. चौथ्या महिन्यात त्यांनी मला खाली बसवलं, पाटी घेतली, खडू घेतला आणि सहा सूर काढून दिले. आता जमतं. सर्दी झाली की घसरतं, आणि मी दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचायच्या आत खालून आवाज येतो, "चोथा नव्हे, आजी! परत वर जा, नीट म्हणत खाली ये."